अपघातानंतर भरपाईचा दावा कसा जपावा: पहिल्या तासापासून निकालापर्यंत

उसाचा हंगाम सुरू झाला की इस्लामपूर, पलूस, तासगाव, कराड या पट्ट्यातील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर धावत असतात. समजा, अशाच एका ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही, आणि दुकान बंद करून घरी निघालेला दुचाकीस्वार अंधारात तिच्यावर मागून आदळतो. मिरजेच्या दवाखान्यात केसपेपर काढताना सोबतचा पुतण्या घाबरून सांगून टाकतो, "काका गाडीवरून घसरून पडले." पोलिसांचे लचांड मागे लागू नये, एवढाच त्याचा हेतू असतो. मांडीचे हाड मोडलेले असते, आत सळी बसवावी लागते, तीन महिने अंथरुणावर जातात. पुढे कोणीतरी सुचवले म्हणून भरपाईचा दावा दाखल होतो, तेव्हा विमा कंपनीचे वकील सर्वांत आधी तोच केसपेपर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या न्यायालयापुढे, ठेवतात आणि विचारतात की, अर्जदार स्वतः घसरून पडला असेल तर ट्रॅक्टरचा विमा पैसे कशाचे देणार?

दाव्याचे बरेवाईट असे पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच ठरते, आणि नेमके तेच दिवस घरच्यांच्या धावपळीचे असतात. म्हणून या लेखात न्यायालयातील कामकाजापेक्षा त्याआधीच्या कागदांवर अधिक भर दिला आहे. लेखाचा विषय मोटार वाहन कायदा, १९८८ खालील शारीरिक दुखापतीचे दावे एवढाच आहे.

पहिला तास

११२ किंवा १०८ वर फोन करून जखमीला हलवणे हे पहिले काम. पुराव्याची चिंता त्यानंतरची. मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तरीही त्याची तयारी असेल तर त्याचा मोबाईल क्रमांक अवश्य मागून घ्यावा, कारण वर्ष-दोन वर्षांनी साक्षीदार शोधताना तोच एक धागा हाती असतो.

जखमीसोबत दोघे असतील तर एकाने रुग्णवाहिकेत बसावे आणि दुसऱ्याने जागेवर थांबून वाहने हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. नंबरप्लेट पूर्ण दिसेल असा फोटो हवा. एमएच १० सांगलीचा, ११ साताऱ्याचा आणि ५० कराडचा हे आपल्याला पाठ असते, पण मिरज आणि जत भागात कर्नाटकातील गाड्यांची वर्दळ मोठी असल्याने केए नंतरचे आकडे आणि अक्षरे नंतर कोणालाच नीट आठवत नाहीत. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो, म्हणून दोन्हींचे क्रमांक टिपावेत आणि ट्रॉलीवर क्रमांकच नसेल तर तसा फोटो घ्यावा. मागून धडक बसलेल्या प्रकरणात दुचाकीस्वाराचीही चूक होती, म्हणजे अंशतः निष्काळजीपणा त्याचाही होता, हा बचाव ठरलेलाच असतो. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, ती निम्मी डांबरी रस्त्यावर उभी होती, बाजूला दगड किंवा फांदी ठेवलेली नव्हती, हे दाखवणारा त्या रात्रीचा एक फोटो अशा वेळी दहा तोंडी साक्षींच्या तोडीचा ठरतो.

दवाखान्यातील दोन ओळी

रुग्ण दाखल करताना डॉक्टर "काय झाले?" असे विचारतात आणि उत्तर एक-दोन ओळींत लिहून घेतात. ते उत्तर जसे घडले तसेच, वाहनाच्या उल्लेखासह द्यावे: अमुक वेळी, अमुक रस्त्यावर, अमुक प्रकारच्या वाहनाशी धडक. क्रमांक माहीत नसेल तर तो माहीत नाही असे सांगावे, अंदाजाने सांगू नये. रस्ता अपघाताच्या रुग्णाची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण) म्हणून नोंद झाली आहे याची खात्री करून तिचा क्रमांक टिपून घ्यावा. आधी गावातील दवाखान्यात मलमपट्टी करून मग सांगली-मिरजेला किंवा साताऱ्याला नेले असेल, तर पहिल्या दवाखान्यातील चिठ्ठीही जपावी, कारण दोन ठिकाणच्या नोंदींत तफावत असली की उलटतपासणी तिथूनच सुरू होते. चुकीचे लिहिले गेल्याचे लक्षात आले तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. मूळ नोंद खोडून घेण्याचा आग्रह धरू नये, खाडाखोड उलट संशय वाढवते.

इथे एक गोष्ट स्पष्टच लिहिली पाहिजे. माणूस खरोखरच स्वतः घसरून पडला असेल, तर नंतर एखादे ओळखीचे वाहन "दाखवून" दावा करणे हा गुन्हा आहे, आणि असे दावे तपासात उघडे पडतात. अशा वेळी स्वतःच्या गाडीची पॉलिसी काढून पाहावी. वाहनमालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेणे बंधनकारक आहे आणि मृत्यूबरोबरच पॉलिसीत नमूद केलेल्या कायमच्या अपंगत्वालाही ते लागू पडते.

खर्चाच्या बाबतीत, २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात. त्यासाठी अपघाताची पोलिसांकडून पुष्टी लागते. पोलिसांना कळवणे टाळले की हा लाभही हातचा जातो.

पोलीस ठाणे

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते आणि नोंदवलेल्या माहितीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. दखल घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, असा मार्ग आहे. जखमी शुद्धीवर नसेल तर नातेवाईक फिर्याद देऊ शकतो, मात्र त्याने न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगू नये. स्वतः हजर नव्हतो, अमक्याकडून कळले, असेच लिहून द्यावे. जबाब वाचल्याशिवाय सही करू नये. "समोरून येणारे वाहन" आणि "पुढे चाललेले वाहन" या दोन शब्दप्रयोगांत दाव्याची दिशाच बदलते.

उपचारांच्या धावपळीत फिर्याद उशिरा झाली म्हणून सगळे संपले असेही नाही. केवळ फिर्यादीला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात सांगितले आहे. उशिराचे कारण मात्र त्याच फिर्यादीत लिहिलेले असावे.

कधी कधी जखमी दुचाकीस्वारावरच गुन्हा दाखल होतो, कारण तो बेशुद्ध असतो आणि ट्रॅक्टरचालक त्याच्या आधी ठाण्यात पोहोचलेला असतो. कुटुंब तिथेच हातपाय गाळते. वास्तविक दावा न्यायाधिकरण पुरावा स्वतंत्रपणे तपासते आणि फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा तिथे लागत नाही. शुद्धीवर आल्यावर जखमीने आपला जबाब लेखी द्यावा, फोटो जोडावेत आणि पोच ठेवावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत एप्रिल २०२२ पासून तपास अधिकाऱ्याला वेळापत्रक घालून दिलेले आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुनाही दहा दिवसांत द्यायचा असतो. व्यवहारात हे मागावे लागते, आणि मागणी लेखी केली की ती लवकर पुरी होते. त्याच अर्जात रस्त्यालगतच्या पेट्रोल पंपाचे, हॉटेलचे किंवा दुकानाचे सीसीटीव्ही चित्रण ताब्यात घेण्याची विनंती करावी, कारण ते काही दिवसांतच पुसले जाते. खासगीत प्रत मिळाली तर ती व्हॉट्सॲपवरून फिरवत बसू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे प्रमाणपत्र मिळेल अशा रीतीने मूळ चित्रण जपावे.

"आपापसात मिटवून घेऊ"

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखान्यात माणसे येतात. ट्रॅक्टरमालक लांबचा पाहुणा निघतो, नाहीतर शेजारच्या गावचा सरपंच मध्ये पडतो. "तुमचा दवाखाना बघतो, केस करू नका" असे ठरते, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मजकूर लिहिला जातो आणि त्यात "कोणतीही तक्रार नाही, यापुढे भरपाई मागणार नाही" हे वाक्य असते. पन्नास हजार हातात पडतात. पहिल्याच शस्त्रक्रियेचे बिल दोन लाख होते, आणि वर्षाने सळी काढायचा खर्च पुन्हा वेगळा.

पाहुण्याला अडचणीत आणायचे नाही, ही भावना खोटी नाही. सातारा-सांगलीच्या गावगाड्यात माणसे एकमेकांना धरून राहतात, ती उगाच नाही. पण या भावनेमागे एक गैरसमज आहे. वाहनाचा विमा वैध असेल आणि पॉलिसीच्या अटी पाळलेल्या असतील, तर भरपाईची रक्कम पाहुण्याच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा केला आहे तो त्याचसाठी. चालकावर फौजदारी गुन्हा नोंदला जातो हे खरे, आणि ते मालकाला आधीच मोकळेपणाने सांगावे. परंतु गुन्हा न नोंदवण्याच्या मोबदल्यात मिळणारी रक्कम आणि न्यायाधिकरणाकडून मिळू शकणारी रक्कम यांतील अंतर एखाद्या कुटुंबाचे शेत गहाण पडण्याइतके असू शकते. मालकाने माणुसकीने उपचाराला पैसे दिलेच तर ते घ्यावेत, मात्र पावतीवर "उपचारासाठी मदत" एवढेच लिहावे आणि हक्क सोडल्याचा मजकूर असलेल्या कागदावर सही करू नये.

याच बैठकीत दुसरा एक प्रस्ताव येतो: ज्याने गाडी चालवली त्याच्याकडे परवाना नाही, म्हणून परवाना असलेल्या भावाचे नाव चालक म्हणून सांगा. याला कदापि होकार देऊ नये. परवाना नसल्याच्या कारणावरून विमा कंपनीने जखमीला आधी रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देत आली आहेत. मालकाची जोखीम वाचवण्यासाठी जखमीने खोटे बोलून स्वतःचा खरा दावा धोक्यात घालावा, हा उलटा हिशेब आहे. विमा कंपनीचा तपासनीस घरी आला तर त्याच्याशी सभ्यपणे बोलावे, पण कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही देऊ नये.

कागदांची पिशवी

एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ठरवावी आणि अपघातासंबंधीचा प्रत्येक कागद तिच्यातच जाईल असा घरात दंडक घालावा. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, एमएलसी, जखमेचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म आणि समोरच्या वाहनाच्या नोंदणी, विमा व परवान्याच्या प्रती यांविषयी वकील सांगतीलच. सुटतात ते छोटे कागद. औषध दुकानातून चिठ्ठीवर लिहून दिलेला हिशेब चालत नाही, क्रमांक असलेले बिल मागावे. तपासणीसाठी खेपा घालताना केलेल्या भाड्याच्या गाडीची पावती घ्यावी आणि फिजिओथेरपीच्या तारखा लिहून ठेवाव्यात. मेडिक्लेमसाठी मूळ बिले द्यावी लागणार असतील तर आधी त्यांच्या साक्षांकित प्रती कराव्यात. जखमीचे नाव सर्व कागदांवर आधार कार्डाप्रमाणेच आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात तपासावे. "बाळू" नावाने झालेला केसपेपर आणि "बाळासाहेब" नावाचा अर्जदार एकच आहेत, हे सिद्ध करण्यात तारखा जातात.

उत्पन्नाचा पुरावा हा आपल्याकडील सर्वांत कच्चा दुवा. पगारदाराकडे पगारपत्रक असते. द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्याकडे, मार्केट यार्डातील हमालाकडे किंवा चार म्हशी सांभाळणाऱ्या बाईकडे काही नाही असे आपण धरून चालतो. पण डेअरीची दहा दिवसांची दूधबिले, कारखान्याची ऊसबिले, बँकेचे पासबुक, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, हमालीच्या नोंदी हा सगळा पुरावाच आहे. तो अपघातापूर्वीच्या किमान वर्षभराचा गोळा करावा. शेतजमीन अपघातानंतरही जागेवर राहते, म्हणून शेतकऱ्याचे नुकसान कमी मोजले जाण्याचा धोका असतो. त्याच्या जागी मजूर किंवा ट्रॅक्टर लावावा लागला त्याचा खर्च लिहून ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे.

सहा महिने

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये दावा दाखल करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आहे. १० डिसेंबरला अपघात झाला असेल तर पुढचा ९ जून ही शेवटची तारीख समजून चालावे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, आणि पोलिसांचा अहवाल हाच अर्ज मानण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. तरीही या दोहोंच्या भरवशावर कोणी राहू नये. उपचार पूर्ण झाले नाहीत हे थांबण्याचे कारण नाही, अर्ज दाखल करून पुढील बिले नंतर जोडता येतात.

अर्ज अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. खंबाटकी घाटात अपघात झालेल्या तासगावच्या माणसाला साताऱ्याला खेपा घालण्याची गरज नाही, तो सांगली जिल्ह्यातच दावा करू शकतो.

मार्ग निवडताना मात्र सावध राहावे. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. ही रक्कम विमा कंपनीकडून ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. हात कायमचा निकामी झालेल्या तरुणाने अडीच लाखांवर समाधान मानणे बहुधा चुकीचे ठरेल. याउलट दुखापत भरून येणारी आहे आणि चूक सिद्ध करणे अवघड आहे, तिथे तोच मार्ग शहाणपणाचा. ऊसतोड मजूर किंवा वाहनावरील कामगार कामावर असताना जखमी झाला असेल तर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदाही उपलब्ध आहे. मात्र दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जाणाऱ्या फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपन्या नाकारतात आणि न्यायालयांनीही अनेकदा ती नाकारणे मान्य केले आहे, हे मालक आणि प्रवासी दोघांनीही ध्यानात ठेवावे.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी २ लाख रुपयांची योजना आहे. तिचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करून द्यावा. पण वाहन सापडणार नाही असे लगेच ठरवू नये. महामार्गावरील घटना असेल तर आनेवाडी आणि तासवडे टोलनाक्यांवरील चित्रण मिळवण्याविषयी पोलिसांना पहिल्याच दिवशी लेखी कळवावे.

अपंगत्व आणि आकडा

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी म्हणजे कमाईतील नुकसानीची टक्केवारी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हा भेद उलगडून सांगितला आहे. पायाचे ४० टक्के अपंगत्व बैठे काम करणाऱ्या कारकुनाला फारसे आड येणार नाही, परंतु डोक्यावर पोती वाहणाऱ्या हमालाची रोजीरोटी त्यातून जवळजवळ बंद पडू शकते. म्हणून प्रमाणपत्राइतकेच महत्त्व जखमी नेमके कोणते काम करत होता आणि आता त्यातील काय करता येत नाही, या तपशिलाला आहे. प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे असो वा शासकीय रुग्णालयाच्या मंडळाचे, ते देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारून घ्यावे; निव्वळ कागद पुष्कळदा अपुरा पडतो.

हिशेबाची रीत कळावी म्हणून एक उदाहरण घेऊ. वय ३८, मासिक उत्पन्न १५,००० रुपये, कमाईतील घट ३० टक्के. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के धरतात, म्हणजे महिन्याला २१,००० आणि वर्षाला २,५२,००० रुपये झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार ३६ ते ४० वयोगटाचा गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, १५ आहे. गुणाकार ३७,८०,००० येतो आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ११,३४,००० रुपये. उपचारांचा झालेला आणि पुढे होणारा खर्च, बुडालेली मजुरी, सेवेला राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदना, हे सारे त्याशिवाय. स्टॅम्पपेपरवरील पन्नास हजार या आकड्याशेजारी ठेवून पाहावेत.

वकील, लोकअदालत आणि निकाल

आपल्याकडे "मिळतील त्यातले इतके टक्के" असा ठराव सर्रास होतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून शुल्क ठरवणे वकिलाला वर्ज्य आहे. शुल्क आधी ठरवून, शक्य तर लिहून घ्यावे आणि वकीलपत्राखेरीज कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या कागदावर सही देऊ नये. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

लोकअदालतीत पैसे लवकर मिळतात, पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसते. सळी अजून आत असेल किंवा अपंगत्व निश्चित झालेले नसेल, तर तोवर तडजोडीला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोडलेले हाड जुळून माणूस पूर्वीसारखा कामाला लागला असेल, तर मात्र लोकअदालतीसारखा सोपा मार्ग नाही.

निकालाची रक्कम जखमीच्या स्वतःच्या खात्यात जावी यासाठी खाते चालू ठेवावे आणि पासबुकाची प्रत दाव्यातच द्यावी. मोठ्या रकमेतील काही भाग मुदतठेवीत ठेवण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. रक्कम अपुरी वाटली तर निकालापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. निकालाची प्रमाणित प्रत मात्र निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज करून मागून घ्यावी.